आणीबाणीचं आवतन

बोरदऱ्यात बुधवारी राजेश्वरीच्या धाकट्याचं, पार्थचं, जावळ होतं आणि मंगळवारची दुपार कलली तरी गावात एकाही घरी आवतन गेलेलं नव्हतं. मांडव उभा होता. खाजाभाईंची भांडी अंगणात येऊन पडली होती. मामा सकाळच्या गाडीनं यायचा होता. जेवायला कोण येणार एवढंच ठरायचं राहिलं होतं, कारण ‘जेवायला या’ असं कुणी कुणाला म्हटलंच नव्हतं.

याला सरकार जबाबदार आहे, असं राजेश्वरीचं ठाम मत होतं. राजेश्वरी गावची पोलीस पाटील. बोरदऱ्यात तोवर पाटलीणबाई म्हणजे पाटलाची बायको. स्वतःच पाटील असलेली बाई गावानं पहिल्यांदाच पाहिली. सुरुवातीला लोक तिच्या नवऱ्याला, अमृतला, गमतीनं ‘ओ पाटलीणबाई’ अशी हाक मारत आणि तोही इतक्या गोडीत ‘ओ’ देई की हाक मारणाऱ्यांचीच मजा गेली. राजेश्वरीचा मात्र या पदावर जीव होता. दारावरची पाटी ती रोज सकाळी देवाच्या आधी पुसत असे, आणि हे सासूबाईंना ठाऊक होतं.

तर सरकारनं असं केलं, की आग विझवणारे, पुरातून माणसं काढणारे, होमगार्ड, रुग्णवाहिकावाले अशी सगळी सुटी खाती मोडून त्यांचं एकच खातं करायचं मनावर घेतलं. प्रत्येक खात्याला बाकीची खाती आपल्यात येणार याचा आनंद झाला. आपणही कुणात तरी जाणार, हे कुणी लक्षात घेतलं नाही. या सगळ्याची माहिती द्यायला सोमवारी भागातल्या पोलीस पाटलांना नगरला बोलावलं होतं. पडद्यावर चौकोन आणि बाण दिसत होते. साहेब एक चौकोन दुसऱ्यात सरकवत होते. राजेश्वरी मागच्या रांगेत शेजारच्या गावच्या लंकाबाई पाटलांना जावळाचं सांगत बसली होती. येताना एस.टी. चुकली, घरी यायला अंधार पडला आणि आवतनाचा सबंध दिवस हातचा गेला.

“अगं राजे, कवा सांगायचं गावाला?” सासूबाई साळूबाई बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. “माजं गुडगं हे असं. न्हाई तर मी येकटीनं गाव पालथं घातलं असतं.”

“जाते की आत्या. पण गहू निवडायचाय, मामाला आणायचंय, पार्थ हातातनं सुटत न्हाई...”

“एक फोन टाक की,” अमृत दारातून म्हणाला.

तो म्हणत होता तो फोन साधासुधा नव्हता. चोर आले, आग लागली, उसात बिबट्या दिसला, की पोलीस पाटलानं एका ठरावीक नंबरवर आपल्या आवाजात सांगायचं आणि त्याच क्षणी गावातल्या घराघरांत फोन वाजून तो निरोप ऐकू यायचा. मोठी सोय होती. पण बोरदऱ्यात चोर येईनात आणि बिबट्याही कधीमधीच. मग लोक शेळी हरवली, डेअरीला उद्या सुट्टी आहे, कुणाची चप्पल देवळातून बदलून गेली, असले निरोप घेऊन येऊ लागले. राजेश्वरी आधी रागवायची, मग सांगून टाकायची. गाव खूश होतं. स्वतःच्या घरचं काम मात्र तिनं त्या फोनवर कधी केलं नव्हतं.

“तसं करता येत न्हाई. ते आणीबाणीला असतंय.”

“उद्या जावळ, आज एकाला आवतन न्हाई. मंग आनीबानी आनिक कशाला म्हंत्यात?” साळूबाई म्हणाल्या.

राजेश्वरीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि नंबर लावला. “नमस्कार, मी पोलीस पाटील राजेश्वरी बोलतेय, बोरदऱ्याहून. उद्या दुपारी आमच्या पार्थचं जावळ आहे. सर्वांनी सहकुटुंब जेवायला यावं.” ती फोन बंद करणार तोच साळूबाईंनी बाजेवरून वाकून तोंड पुढं केलं, “आन् चूल कुनी पेटवायची न्हाई! पावणे आले आसतील तर त्यास्नीबी घिऊन या!”

“झालं,” राजेश्वरी म्हणाली. कसं सोपं झालं, असं तिला वाटलं आणि ती गहू निवडायला बसली.

पहिला फोन आला तेव्हा तिच्या मांडीवर सूप होतं.

“ताई, खर्ड्याहून बोलतो. किल्ल्याच्या मागं ऱ्हातो. आपली काय वळख न्हाई, पर आवतन आलंया, मंग म्हटलं रस्ता इचारून घ्यावा. आमच्याकडं पावणे हायेत, चालत्याल ना?”

चुकून लागला असेल, असं समजून तिनं रस्ता सांगितला. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. कुणी पंगत किती वाजता विचारलं, कुणी पोराला किती महिने झाले विचारलं, एकानं तर आमटी तिखट असेल ना, एवढंच विचारून ठेवून दिला. मग लंकाबाईंचा आला.

“काय गं राजेश्वरी! मला म्हनलीस घरगुती हाय. हे तर लई मोठं दिसतंय!”

“तुला कसा गेला फोन?”

“मला काय, माज्या समद्या गावाला गेला. आता गावोगावचं येगळं ऱ्हायलं न्हाई. येका जागी बोललं की खर्डा भागातल्या समद्या गावांत वाजतंय. काल पडद्यावर दावलं की.”

“कधी दावलं?”

“तू मला जावळाचं सांगत हुतीस तवा.”

राजेश्वरीच्या मांडीवरचं सूप उलटं झालं. निवडलेला गहू आणि खडे पुन्हा एक झाले. तिनं कपाळावर हात मारून घेतला, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

“नमस्कार ताई. मी तौफिक, नव्या एकत्रित कक्षातून. तो संदेश तुमचाच ना?”

“माझाच. पण चुकून गेला हो.”

“चुकून असा रकाना नाही ताई. आग, पूर, अपघात, जमाव आणि इतर. काय टाकू?”

“इतर टाका.”

“इतर टाकलं की सविस्तर कारण लिहायला लागतं. मी परवापर्यंत आगीच्या गाडीवर होतो, मला पाइप धरायला सांगा, लिहायला लावू नका. जमाव टाकतो.”

“जमाव टाकल्यावर काय होतं?”

“काही नाही. सगळे येतात.”

“सगळे म्हंजी कोण?”

“सगळे.”

“मग मी सगळ्या गावांना दुसरा फोन करते. येऊ नका म्हणून सांगते.”

“तुमचा नंबर चौकशी होईपर्यंत बंद झालाय ताई. आणि एक, रागावू नका. प्रांताधिकारी काकडेसाहेब उद्या स्वतः येतायत. यंत्रणा घरच्या कामाला वापरली तर पद जातं, असं नव्या नियमात आहे.”

दारावरची पाटी राजेश्वरीला तिथून दिसत होती. शेळ्या आणि चपला शोधून देताना कधी काही झालं नाही, आणि पोराच्या जावळात पाटीलकी जाणार! तिनं अमृतला गाठलं. गावोगावच्या पाटलांना एकेक करून फोन लावायचे आणि जेवण नाही म्हणून कळवायचं, असं दोघांचं ठरतंय तोवर साळूबाई बाजेवरून उठून उभ्या राहिल्या.

“दिल्यालं आवतन माघारी घ्यायचं? ह्या घरात?”

“आत्या, माझी पाटीलकी चाललीय!”

“पाटीलकी गेली तर फिरून मिळंल. दारातनं मानूस उपाशी गेलं, तर त्ये फिरून येत न्हाई. खाजाभाईंना बलवा.”

खाजाभाई भांडीही देत आणि स्वयंपाकही करत. सगळ्या भागात त्यांच्या हातच्या, भाजक्या धान्या-मसाल्याच्या झणझणीत येसर आमटीचं नाव होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

“ताई, आदी तुमी गावापुरतं सांगितलं. आता किती धरू?”

“मोजू नका, खाजाभाई.”

“मोजायचं न्हाई म्हनल्यावर सोपं हाय,” ते म्हणाले आणि तसेच खर्ड्याला आणखी कढया आणायला गेले. घरात साठवणीचा गहू होता तो सगळा लापशीला निघाला. अमृतनं तांदळाची पोती आणली. सकाळी मामा आला, त्यानं भाच्याला मांडीवर घेऊन पहिली बट कापली, पार्थनं रीतसर भोकाड पसरलं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो कार्यक्रम कुणाच्या नीट ध्यानातही न येता उरकला. कारण तेवढ्यात रस्त्यावर भोंगे ऐकू आले.

पुढं लाल बंब होता. त्याच्या अंगावर नव्या खात्याचं नाव कालच रंगवलेलं होतं आणि रंग अजून हाताला लागत होता. मागून रुग्णवाहिका, तिच्यामागं होमगार्डचा ट्रक आणि सगळ्यात शेवटी एका गाडीला जोडलेली बोट. पुरातून माणसं काढायची ती बोट. या कोरड्या भागात तिचं काय काम, हे तिला आणणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. पण जमाव म्हटला की सगळं न्यायचं, असा नवा आदेश होता, म्हणून ती आली. पाण्याचा थेंब न पाहिलेली बोट. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही कुणी काढला नव्हता.

उतरल्या उतरल्या तौफिक आणि होमगार्डचे प्रमुख रामहरी यांची जुंपली.

“आता आपलं येकच खातं,” रामहरी म्हणाले. “तवा हुकूम मी देनार. मी मोठा हाय.”

“वयानं मोठे. गाडी कुणाची मोठी, ते बघा.”

रुग्णवाहिकेतला डॉक्टर म्हणाला की माणसाच्या जिवाचा प्रश्न असल्यानं तोच प्रमुख. बोटवाल्यानं आपण तहसिलीतून आलोय याची आठवण करून दिली. मग चौघांनी चार झाडं पकडली आणि आपापल्या माणसांना घेऊन आपापल्या सावलीला उभे राहिले. एकत्रित खातं असं चार सावल्यांत विभागलं गेलं.

ते खाजाभाईंमुळं जवळ आले. भाताच्या कढया उतरायला लागल्या आणि भात उपसून ठेवायला जागाच उरली नाही. खाजाभाईंनी सगळीकडं नजर फिरवली.

“ती होडी कुनाची हाय?”

“सरकारी आहे,” बोटवाला घाबरून म्हणाला.

“सोच्छ हाय का?”

“कधी वापरलीच नाही.”

तौफिकनं बंबाचा पाइप लावून बोट आतून धुऊन काढली. साळूबाईंनी पेटीतली कोरी धोतरं दिली, ती अंथरली, आणि वाफाळलेल्या भाताचे ढीग बोटीत पडू लागले. आमटीच्या देगच्या उचलवेनात तेव्हा डॉक्टरनं गुपचूप स्ट्रेचर काढून दिलं. होमगार्ड ते ताठ मानेनं वाहू लागले. ‘आस्ते, आस्ते’ असं रामहरी ओरडत होते आणि तौफिक ‘पुढं खड्डा आहे’ म्हणून सांगत होता. भांडण चालूच होतं, फक्त आता ते काम करता करता चाललं होतं.

सूर्य डोक्यावर आला. पत्रावळ्या मांडल्या. पाणी भरलं. राजेश्वरी पदर सारखा करून वाटेकडं डोळे लावून उभी राहिली.

कुणी आलं नाही.

बराच वेळ गेला, तरी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. शेवटी अमृत मोटरसायकल काढून बघायला गेला आणि परत आला तो तोंड पाडून.

“फाट्यापर्यंत लोक सकाळीच आल्ते,” तो म्हणाला. “चिक्कार आल्ते. पण त्यांच्या म्होरनं लाल बंब गेला, रुग्णवाहिका गेली, होमगार्ड गेले. त्यास्नी वाटलं, जावळाच्या घरी काय तरी वाईट झालं. आन् मागनं बोट बघितल्यावर तर बाया डोळ्याला पदरच लावाय लागल्या. हळहळत हळहळत समदे माघारी गेले.”

“आन् आपलं गाव? गावाला तर ठावं हाय काय झालं न्हाई ते!” राजेश्वरीनं विचारलं.

अमृत चप्पल काढत बसला. “गाव रुसलंय. शेजारची झुंबरबाई म्हंती, शेळी हरवल्याचा फोन आन् आवतनाचा फोन येकच का? उंबऱ्यावर येऊन कुंकू लावलं असतं, तर पाटीलबाईचे पाय झिजले असते का? लोकांनी मुद्दाम चुली पेटवल्यात. धूर बघ.”

राजेश्वरीनं बघितलं. खरंच, घराघरावर धूर दिसत होता. भागभरच्या लोकांचं जेवण शिजून पडलं होतं, आणि शेजारची झुंबरबाई पिठलं करत होती. राजेश्वरीला रडू फुटायचंच बाकी होतं, तेवढ्यात काकडेसाहेबांची जीप मांडवाच्या तोंडाशी थांबली.

साहेब तरुण होते आणि कडक इस्त्रीत होते. त्यांनी बंब पाहिला, स्ट्रेचरवरची आमटी पाहिली, मग बोटीपाशी जाऊन आत वाकून पाहिलं.

“नेमकी आपत्ती काय आहे?” त्यांनी विचारलं.

“भात जास्त झालाय, साहेब,” तौफिक सावधान होऊन म्हणाला.

राजेश्वरी पुढं झाली. लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. “साहेब, चूक माझीच आहे. आवतन द्यायला वेळ झाला नाही, म्हणून मी तो फोन वापरला. सगळ्या गावांना जातो हे मला ठाऊक नव्हतं. कारण बैठकीत माझं लक्ष नव्हतं.”

“मग तुम्हाला नियम माहीत असेल,” साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. “मला पद काढून घ्यावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

राजेश्वरीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांसमोर ती दारावरची पाटी आली. तिच्या जागी भिंतीवर नुसता चौकोन उरेल, आणि तो रोज पुसावा लागणार नाही.

“तुमचं पद-बिद मागनं काडा,” साळूबाई मध्ये पडल्या. “आदी जेवून घ्या.”

“चौकशीला आलोय, आजी. मला जेवता येणार नाही.”

“आन् गाव जेवल्याबिगर ह्यास्नी बी वाडता येनार न्हाई,” साळूबाईंनी चारही झाडांखालच्या भुकेल्या माणसांकडं बोट केलं. “गाडी काडा. आवतन मी देती.”

बंब म्हणजे आपली गाडी, म्हणून तौफिक धावला. ट्रक म्हणजे आपला, म्हणून रामहरी धावले. पण बोरदऱ्याच्या बोळांत दोन्ही शिरेनात. राहिली रुग्णवाहिका.

“ती आणीबाणीसाठी आहे!” साहेब म्हणाले.

“एवढं अन्न नासाय लागलंय, आनिक कसली आनीबानी पायजे तुमाला?” साळूबाई पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसरा हात गुडघ्यावर. तौफिक चालवायला बसला. मागं डॉक्टर होता, त्याला उतरायला वेळच मिळाला नाही.

साहेब मांडवाच्या तोंडाशी उभे राहून बघत होते. रुग्णवाहिका झुंबरबाईच्या दाराशी थांबली.

“झुंबरे, आवतन घे. माज्या सुनंचं चुकलं. ती सरकारात आसती, तिला वाटतं समदं फोनवर हुतं. नातवाचं जावळ हाय. चूल इजव आन् चल.”

“पिठलं टाकलंय मी.”

“पिठलं घिऊन चल!”

झुंबरबाईनं कपाळ पुढं केलं. कुंकू लागलं. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. साळूबाई गाडीतून न उतरताच हाक मारत, आणि बायका उंबऱ्यावरून धावत खिडकीशी येऊन कुंकू लावून घेत. थोड्याच वेळात छपरांवरचा धूर विरला. मग दारं लागू लागली आणि माणसं निघाली. म्हातारे निघाले, लेकुरवाळ्या निघाल्या, कुणाच्या घरी आलेले पाहुणे निघाले. कायम बाजेवर असणाऱ्या कडूबाईला दोघा नातवांनी खुर्चीसकट उचललं. सगळं गाव रिकामं होऊन मांडवात आलं.

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. पुन्हा गावाकडं पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“मागच्या महिन्यात,” ते राजेश्वरीला हळूच म्हणाले, “या भागाला मी सरावासाठी फोन केला होता. पूर आलाय असं समजून सगळ्यांनी मैदानात जमा व्हा. एक माणूस घराबाहेर आला नाही. एकानं उलटा फोन करून विचारलं, पूर कुठून येणार ते आधी दाखवा.”

“ते आमच्याच गावचे असतील, साहेब.”

“आणि या आजींनी एक करंडा घेऊन सबंध गाव घराबाहेर काढलं. म्हातारीला खुर्चीसकट!”

तोवर साळूबाई परतल्या होत्या. गाव बसायला लागलं, आणि बंबवाले, होमगार्ड, बोटवाला पुन्हा आपापल्या झाडाखाली जाऊन पहिली पंगत कोणत्या खात्याची यावर खल करू लागले, तेव्हा त्या कडाडल्या, “पंगतीत कसलं आलंय खातं? बसा खाली! तुमी बी, साहेब.”

सगळे एका ओळीत बसले. तौफिकच्या शेजारी रामहरी आले, आणि रामहरींनी त्याच्या पत्रावळीवर आपली लापशी सरकवली, कारण त्यांना गोड चालत नव्हतं. साहेबांनी बाह्या दुमडल्या. आमटीचा पहिला घास घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि तरी त्यांनी ती पुन्हा मागून घेतली. राजेश्वरी वाढता वाढता त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

“पाटीलबाई,” शेवटी साहेब म्हणाले, “मी असं लिहितोय की आज इथं सगळ्या खात्यांचा एकत्र सराव झाला, तो यशस्वी झाला आणि जीवितहानी नाही. तुमचं पद राहील.”

राजेश्वरीनं आनंदात त्यांच्या पत्रावळीवर लापशीचा आणखी एक डाव उपडा केला.

“फोन मात्र काढून घेतोय. या गावात यापुढं काहीही झालं, आग, पूर, वादळ, तर घरोघरी जाऊन सांगायचं. त्या कामाच्या प्रमुख आजी. आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली.”

अमृतला ठसका लागला. तो पाणी पिऊनही थांबेना. गाव हसू दाबत पत्रावळीत बघू लागलं.

“साहेब,” राजेश्वरी कशीबशी म्हणाली, “घरात मी त्यांच्याच हाताखाली हाय.”

“मग उत्तम. तुम्हाला सवय आहे.”

साळूबाईंनी पदर डोक्यावर ओढला, ताठ बसल्या आणि नव्या पदावरचा पहिला हुकूम सोडला.

“राजे, साहेबांचा भात संपला. बोटीकडं जा.”

आणि बोरदऱ्याची पोलीस पाटील पदर खोचून, हसत हसत, बोटीकडं निघाली.